वाचनालयात फाळके

उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात माणसं वाचायला कमी आणि कूलरखाली बसायला जास्त येतात. खान्देशात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की कोण कशाला आलंय हे विचारायचं नसतं. पेपर उलटा धरून डुलकी काढणाऱ्यांनाही मी उठवत नाही.

त्यातलेच एक आप्पा. रेल्वेतून निवृत्त, मुलगी अमेरिकेत. एके दुपारी भर वाचनकक्षात म्हणाले, "ताई, माझी पोरगी तिकडे लायब्ररीच्या कार्डावर पिक्चर बघते. फुकट! आणि तुम्ही मला दिवाळी अंकाचा दंड लावता."

दंडाचा विषय मी टाळला, पण पिक्चरचं त्यांचं खरं होतं. तिकडे कॅनोपी, हूपला अशा सेवा आहेत. ग्रंथालयाच्या कार्डाचा नंबर टाकायचा की घरबसल्या सिनेमे, माहितीपट, मुलांचे कार्यक्रम, आणि मध्ये जाहिरात नाही. कॅनोपीवर महिन्याला ठराविक तिकिटं मिळतात, ती संपली की पुढच्या महिन्याची वाट बघायची. वाचकाला एक छदामही पडत नाही. पडतो तो ग्रंथालयाला, आणि जितकं बघाल तितका जास्त. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी 2019 साली कॅनोपी बंद केलं ते याच खर्चापायी.

"म्हणजे फुकट नाहीच," आप्पा म्हणाले.

"तुमच्या मुलीला फुकट. बिल गावाला. तिकडच्या ग्रंथालयांचा मुख्य आधार म्हणजे लोकांनी भरलेला स्थानिक कर."

आपल्याकडे 1967चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान येतं. त्यात पगार, पुस्तकं, पेपरची बिलं आणि हा कूलर. स्ट्रीमिंगचं नाव काढलं तर सचिव मलाच स्ट्रीममध्ये सोडतील.

शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा होता. तो म्हणाला, "ताई, टेलिग्रामवर सगळं मिळतं, लिंक देऊ का?" त्याला म्हटलं, पोलीस भरतीची तयारी करतोयस ना? सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या चोरट्या कॉपीला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे, हे सामान्यज्ञानात लिहून घे.

पण आप्पांचं बोलणं डोक्यात राहिलं. वाचनालयातच एखादा सिनेमा फुकट दाखवायचा असं मी ठरवलं. जगातलं सगळंच काही विकत नसतं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, मग तो सगळ्यांचा. बोलपटात मात्र गोम आहे: गाणी आणि संवाद लिहिणाऱ्यांचे हक्क वेगळे, आणि ते लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं चालतात. ही भानगडच नको म्हणून मी थेट मुक्या सिनेमावर गेले. दादासाहेब फाळक्यांचा 'कालियामर्दन', 1919चा. त्याचा बराच भाग शाबूत आहे आणि नेटवर सहज सापडतो. फाळके 1944 साली वारले, म्हणजे त्या बाजूनंही कुणाचं देणं उरलेलं नाही.

सचिवांना कायदा समजावून सांगितला. ते म्हणाले, "आवाज नाही? मग बघणार कोण?" मुद्दा बरोबर होता. मुके सिनेमे सहसा मुक्यानं दाखवत नसत, पडद्याजवळ वाजवणारे बसत. म्हणून भजनी मंडळाच्या नानांना गाठलं. "पिक्चरले पेटी?" असं म्हणून ते हसले, पण आले.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा होता. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, त्यांच्या आया, म्हणजे एरवी वाचनालयाची पायरी न चढणारी मंडळी त्या दिवशी सतरंजीवर मावेनात. खिडक्यांना मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स उलटे करून बांधले होते. प्रोजेक्टर एका शिक्षकांनी आणला. पडदा म्हणजे आमच्या घरचा डबलबेडचा पलंगपोस.

सुरुवातीलाच एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती हसते, रडते, रागावते, घाबरते. ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. बापानं लेकीचा अभिनय आधी प्रेक्षकांना दाखवला आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण केला. पुढं बसलेली एक आजी ओरडली, "हाऊ पोऱ्या नही, पोर शे!" साऱ्या बाया हसल्या, आणि तिथून सभागृह माझ्या हातात राहिलं नाही.

पडद्यावर मजकुराच्या पाट्या आल्या की मी मोठ्यानं मराठीत सांगत होते. पाच मिनिटांत कुणाला त्याची गरज उरली नाही. लोण्याची चोरी सुरू झाली तशी नानांनी गवळण धरली. बायांना ती पाठ, त्यांनी मागून उचलली. पोरं पडद्यावरच्या पोरांना लोणी कुठं आहे ते बोटानं दाखवायला लागली. एवढा गोंधळ मी एरवी वाचनालयात खपवून घेत नाही. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं, त्यावर नेमका पलंगपोस आला होता.

कृष्णानं डोहात उडी घेतली. सापाशी झटापट, काठावर यशोदेचा आकांत, पुन्हा साप. फाळके आलटून पालटून दोन्हीकडं नेत राहतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या युक्तीनं जीव खरोखर टांगणीला लागतो. "धरा रे तिले कोनी!" ती आजी म्हणाली. 'तिले', 'त्याले' नाही. कृष्ण तिच्या लेखी अजून फाळक्यांची पोरच होता. पेटी बंद पडली हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. वळून पाहते तर नाना भाता तसाच दाबून, आ वासून पडद्याकडं बघत होते. मी खुणावलं, तर त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं. साप वठणीवर आल्यावरच सूर पुन्हा लागला, आणि लागला तो थेट आरतीचा. अर्धं सभागृह उठून उभं राहिलं.

सगळं मिळून तासाच्या आत आटोपलं. त्या संध्याकाळी बालविभागाचे फॉर्म कमी पडले, म्हणून झेरॉक्सला धावावं लागलं. मुलांना कृष्णाच्या गोष्टींचं पुस्तक हवं होतं. आमच्याकडं एकच प्रत, तिच्यासाठी नंबर लागले.

आप्पा खूश होते, पण पूर्ण नाही. "पुढच्या वेळी बोलपट पाहिजे." त्यांना लेखकांच्या हक्कांचं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मग ज्याला जाऊन साठ वर्षं झाली असा लेखक शोधा ना, ग्रंथपाल कोण आहे?" आता कपाटातला चरित्रकोश उघडून मृत्यूची सालं बघत बसते.

नानांची अट वेगळी. पुढचा सिनेमा त्यांना आठवडाभर आधी मोबाईलवर बघायला हवा. शिवाय पेटीचा एक सूर दबतो, तो वाचनालयानं दुरुस्त करून द्यावा. सचिवांनी हिशोबाची वही उघडली आणि मला विचारलं, "हे कोणत्या खात्यात टाकायचं? पुस्तकबांधणीत बसेल का?"