फुल रेंज असूनही तुटणारं वायफाय: दुर्बिणीवरच्या छोट्या संगणकाचा माझा अनुभव

आकाशाची छायाचित्रं घेणाऱ्या माझ्या दुर्बिणीच्या नळीवर तळहाताएवढा एक सिंगल-बोर्ड संगणक बसवलेला आहे. माउंट (दुर्बीण पेलून फिरवणारा आधार), मुख्य कॅमेरा, ताऱ्याचा माग ठेवून माउंटला सावरणारा गायड कॅमेरा, फोकसर, सगळं त्यालाच जोडलेलं. त्यावर लिनक्स, ही उपकरणं हाताळणारे इंडीचे ड्रायव्हर आणि केस्टार्स या खगोल-सॉफ्टवेअरमधलं, चित्रणाचं नियंत्रण करणारं इकोस चालतं. मी घरात बसून लॅपटॉपवर वायफायने त्याचा स्क्रीन बघते. ध्रुवाची जुळवणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) एकदा झाली की पुन्हा उपकरणापाशी जावं लागू नये, कारण माणसाच्या नुसत्या चालण्यानेही माउंट हलतो आणि टॉर्चचा उजेड फ्रेममध्ये शिरतो.

पण स्क्रीन मध्येच गोठायचा. कधी काही सेकंद, कधी पूर्ण कनेक्शन तुटायचं आणि पुन्हा जोडायला बराच वेळ लागायचा. गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे रेंज उत्तम होती. राउटर जवळ, सिग्नल उणे ५२ डीबीएमच्या आसपास (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). या आकड्याला वायफाय इतकं डळमळीत असायला नको. अशा वेळी मोठी अँटेना घ्या, रेंज वाढवणारा रिपीटर लावा, असे सल्ले मिळतात. रेंज कमीच नव्हती, त्यामुळे ती वाढवण्यावर पैसे घालण्याआधी कनेक्शन नेमकं कोणत्या क्षणी तुटतं ते मला बघायचं होतं.

त्यासाठी साधन साधंच वापरलं. लॅपटॉपवरून छोट्या संगणकाला सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारा छोटा संदेश) सुरू ठेवला, दर सेकंदाला एक, आणि प्रत्येक ओळीसोबत वेळ लिहून घेतली. छोट्या संगणकावर एक लहान स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी सिग्नलची पातळी फाइलमध्ये टाकत होती. इकोसचा लॉग तर असतोच: एक्स्पोजर कधी सुरू झालं, फ्रेम कधी उतरली, माउंट कधी फिरला. दोन्ही यंत्रांची घड्याळं मात्र आधी जुळवून घ्यावी लागतात. अशा अनेक छोट्या संगणकांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, त्यामुळे इंटरनेट नसेल तर बंद करून चालू केल्यावर ते भलतीच वेळ दाखवतात. मग नोंदींची तुलना तर फसतेच, शिवाय माउंटसुद्धा चुकीच्या जागी वळतो.

नोंदी समोर ठेवल्यावर दोन वेगळी दुखणी दिसली. पहिलं असं की काहीही चालू नसतानासुद्धा पिंगचा वेळ कधी ४ मिलिसेकंद, कधी १५०, कधी २०० यायचा. डेटाची पाकिटं हरवत नव्हती, फक्त उशिरा पोचत होती. हे वायफायच्या वीजबचतीचं लक्षण. या मोडमध्ये संगणकाचा रेडिओ डुलक्या घेतो, राउटर त्याच्यासाठी आलेली पाकिटं साठवून ठेवतो आणि पुढच्या बीकनला (राउटरच्या ठरावीक अंतराने जाणाऱ्या हाकेला) ‘तुझं काहीतरी आलंय’ असं कळवतो. बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी जातो, म्हणून उशीरही त्याच पटीत दिसतो. लिनक्समध्ये वीजबचत एका कमांडने बंद होते, पण रीबूट झाल्यावर ती परत चालू होऊ शकते. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्येच ती कायमची बंद केली आणि पिंग ३ ते ६ मिलिसेकंदांवर स्थिरावला. माऊस हलवल्यावर जाणवणारा तो कंटाळवाणा उशीर गेला. तुटणं मात्र तसंच राहिलं.

दुसरं दुखणं जास्त रंजक होतं. इथे पाकिटं खरोखरच हरवत होती, आणि ती हरवण्याची वेळ जवळजवळ दर वेळी मुख्य कॅमेऱ्यातून फ्रेम उतरण्याच्या वेळेशी जुळत होती. एक्स्पोजर चालू असताना सगळं शांत. ते संपून फ्रेम उतरू लागली की पिंग बंद. सिग्नलचा आकडा तेव्हाही उणे ५२ च. फोकससाठी एकामागून एक छोटी एक्स्पोजर घेताना तर कनेक्शन टिकतच नव्हतं.

कारण होतं यूएसबी ३. तिचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट, आणि त्या वेगाने वाहणाऱ्या डेटाचा रेडिओ गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो. २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा त्यात बरोबर सापडतो. केबल, कनेक्टर आणि उपकरणाच्या खोक्यातून हा गोंगाट बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ मध्येच याची मापनं प्रसिद्ध केली होती. त्यात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झमधला पार्श्वगोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढलेला दिसला होता. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. ढोल वाजत असताना शेजारचा माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो, तरी आपल्याला शब्द लागत नाही. इथेही सिग्नल तेवढाच होता, वाढला होता गोंगाट. आणि वायफायच्या रेघा फक्त सिग्नल दाखवतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. रेंजच्या रेघा बघून निदान करणारा माणूस इथपर्यंत पोचणं कठीण.

खात्री करायला कॅमेरा यूएसबी २ च्या पोर्टमध्ये घातला, बाकी काही हलवलं नाही. पिंग तुटायचा थांबला. परत यूएसबी ३ मध्ये घातल्यावर तुटू लागला. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, त्यामुळे फ्रेम उतरायला एक-दोन सेकंद जास्त लागतात. तीन ते पाच मिनिटांची एक्स्पोजर घेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. ग्रहांचं चित्रण करणाऱ्याला मात्र सेकंदाला शेकडो फ्रेम हव्या असतात, त्याला यूएसबी ३ सोडून चालणार नाही. त्याने वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावं, कारण तिथे हा गोंगाट खूपच कमी असतो.

मीही तेच करून पाहिलं. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. संगणकात देशाचा कोड नीट भरलेला हवा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झचे चॅनल दिसतच नाहीत किंवा हॉटस्पॉट सुरू होत नाही. आणि चॅनल ३६ ते ४८ मधला घ्यावा. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारला प्राधान्य असतं. राउटरला तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी किमान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडावा लागतो. मध्यरात्री असं झालं की वायफाय अचानक गायब झालंय, एवढंच आपल्याला दिसतं.

यानंतर संध्याकाळपासूनचे कित्येक तास निर्विघ्न जाऊ लागले आणि मग मेरिडियन फ्लिपनंतर पुन्हा कनेक्शन गेलं. या वेळी नोंदीत सिग्नलच खाली आलेला दिसला, उणे ६० वरून थेट उणे ८२. जर्मन पद्धतीच्या माउंटमध्ये तारा मेरिडियन, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो तेव्हा नळी खांबाच्या दुसऱ्या बाजूला जाते. नळीवरचा संगणकही तिच्यासोबत जातो. त्याची अँटेना म्हणजे बोर्डावरचा छोटासा तांब्याचा आकार, आणि आता तिच्या व राउटरच्या मधे धातूची नळी, ती माउंटला बसवणारी डव्हटेलची पट्टी आणि माउंट असं सगळं आलं होतं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अडथळ्यांपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतात, त्याचाही वाटा होता. यूएसबीच्या गोंगाटाचं आणि या आडोशाचं बाह्य लक्षण एकच, स्क्रीन गोठणं. गोंगाट दूर झाला म्हणून आडोसा स्वच्छ दिसला.

मधल्या काळात विजेचा संशयही घेतला होता. कॅमेऱ्याचं कूलिंग आणि दव टाळणाऱ्या हीटरच्या पट्ट्या एकाच वेळी पूर्ण चालल्या की ६ अँपिअर सहज वाहतात. केबलचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम असला तरी १.२ व्होल्ट वाटेतच जातात. ५ व्होल्टचा पुरवठा डगमगला तर आधी यूएसबीवरची उपकरणं सुटतात किंवा संगणक रीबूट होतो. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांना कर्नलच्या लॉगमध्ये व्होल्टेज कमी झाल्याची ओळ सरळ मिळते. माझ्या नोंदीत ना रीबूट होता ना उपकरणं सुटलेली, म्हणून तो धागा सोडून दिला. तुमच्याकडे वायफायसोबत कॅमेराही सुटत असेल तर मात्र तपासणी विजेपासूनच सुरू करा.

उपाय शेवटी असा केला की रेडिओच नळीवरून खाली आणला. १२ व्होल्टवर चालणारा एक छोटा राउटर ट्रायपॉडच्या पायाला बांधला आणि तिथून संगणकापर्यंत ईथरनेटची केबल नेली. संगणकाचं स्वतःचं वायफाय बंद केलं. आता नळी कुठेही वळली तरी अँटेना जागची हलत नाही, आणि कॅमेऱ्याच्या केबलपासूनही ती लांब आहे. त्यामुळे कॅमेरा परत यूएसबी ३ वर नेता आला. माउंट कायम एकाच जागी असणाऱ्याने तर थेट घरापर्यंत ईथरनेट टाकावं. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि माझ्या मते तिच्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

कामाची विभागणी कशी केली आहे, यालाही तितकंच महत्त्व आहे. इकोस लॅपटॉपवर आणि फक्त ड्रायव्हर छोट्या संगणकावर अशीही मांडणी करता येते, पण मग प्रत्येक फ्रेम हवेतून जाते. २६ मेगापिक्सेलची १६ बिटांची फ्रेम ५२ मेगाबाइटची असते. वायफायला खरा वेग १० मेगाबिट मिळत असेल तर तिला चाळीस सेकंदांहून जास्त लागतात. गायडिंगची दर दोन सेकंदांची छायाचित्रंही त्याच वाटेने जाणार असतील, तर एका गचक्यात तारे लांबुळके होतात. माझ्याकडे गायडिंग, प्लेट सॉल्व्हिंग (फ्रेममधल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते ओळखणं), फ्लिप आणि फ्रेम साठवणं हे सगळं नळीवरच्या संगणकावरच होतं, लॅपटॉप फक्त खिडकी उघडून बघतो. हे तपासायला मी चालू सिक्वेन्समध्ये मुद्दाम राउटरची वीज काढली. पुन्हा जोडून पाहिलं तर फ्रेम ओळीने उतरलेल्या होत्या आणि गायडिंगच्या आलेखात खंड नव्हता.

ईथरनेटची केबल बांधताना एक काळजी घ्या. नळी दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून बघा आणि केबल कुठे ताणते किंवा अडकते ते दिवसाउजेडी पाहून ठेवा. माझी केबल काउंटरवेटच्या दांड्याला अडत होती, म्हणून ती माउंटच्या अक्षाजवळून सैल वळण देऊन नेली आहे.