पोस्टग्रेस रिस्टोअरचा सराव, पुढची नोंद : पीजी-रिस्टोअरचे पर्याय आणि स्टोरेजचे स्नॅपशॉट

बॅकअप घेण्याचे काम मागच्या टप्प्यात मार्गी लागले. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीतल्या चाचणी-डेटाबेसचा कस्टम फॉरमॅटमधला डंप (फाइलमध्ये उतरवलेली प्रत) आता ठरल्या वेळी तयार होतो आणि झेडएफएस या फाइल-सिस्टिमचे स्नॅपशॉटही (त्या क्षणाच्या स्थितीच्या गोठवलेल्या प्रती) नेमाने घेतले जातात. या टप्प्यात लक्ष फक्त डेटा परत आणण्याकडे दिले. कारण जो बॅकअप कधी उभा करून पाहिलेला नाही, तो माझ्या हिशेबात धरत नाही.

डंपमधून डेटाबेस परत उभा करणारे पीजी-रिस्टोअर हे साधन हाताळताना सर्वांत आधी ‘--लिस्ट’ हा पर्याय चालवावा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यातून डंपची अनुक्रमणिका मिळते आणि डेटाबेसला हात लागत नाही. तिच्यातली एक ओळ साधारण अशी असते : ‘२१५; १२५९ १६४०२ टेबल पब्लिक ऑर्डर्स’. पहिला आकडा डंपमधला त्या घटकाचा क्रमांक असतो, १२५९ हा पीजी_क्लास या कॅटलॉगचा (पोस्टग्रेसच्या अंतर्गत नोंद-टेबलाचा) ओआयडी, म्हणजे अंतर्गत ओळख-क्रमांक, आणि तिसरा आकडा मूळ डेटाबेसमधला त्या टेबलाचा ओआयडी. ही यादी फाइलमध्ये घेऊन नको त्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम टाकला आणि ती फाइल ‘--यूज-लिस्ट’ला दिली, की तेवढा घटक वगळला जातो. एखाद्या अवाढव्य लॉग-टेबलाची फक्त ‘टेबल डेटा’ ही ओळ अशी गाळली, तर टेबलाचा सांगाडा येतो, पण त्यातला मजकूर भरण्यात वेळ जात नाही. सरावासाठी यापेक्षा सोयीचा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

दुसरा मुद्दा त्रुटींचा. पीजी-रिस्टोअर मुळात त्रुटी आली तरी थांबत नाही. पुढे चालत राहते आणि शेवटी किती त्रुटी दुर्लक्षिल्या याचा आकडा सांगते. लांबलचक आउटपुटच्या तळाशी असलेली ती ओळ सहज नजरेआड होते, म्हणून सरावात ‘--एक्झिट-ऑन-एरर’ कायम लावावा. नव्या सर्व्हरवर पहिली अडचण बहुधा मालकीची येते : डंपमध्ये ज्या रोलचे (डेटाबेस-वापरकर्त्याचे) नाव आहे तो रोलच तिथे नसतो, कारण रोल एका डेटाबेसचे नसून संपूर्ण क्लस्टरचे (एका सर्व्हरवरच्या सर्व डेटाबेसच्या संचाचे) असतात आणि ते ‘पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली’ने वेगळे घ्यावे लागतात. केवळ चाचणी असेल तर ‘--नो-ओनर’ पुरतो. ‘--क्रिएट’ वापरताना मात्र जपावे : तो लावला, की ‘--डीबीनेम’मधला डेटाबेस फक्त पहिल्या जोडणीपुरता उरतो आणि डेटा डंपमध्ये नोंदलेल्या नावाच्या डेटाबेसमध्येच जातो.

वेगासाठी एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवणारा ‘--जॉब्ज’ आहे. तो कस्टम आणि डिरेक्टरी या दोनच फॉरमॅटना चालतो, पाइपमधून आलेला डंप घेत नाही आणि ‘--सिंगल-ट्रॅन्झॅक्शन’बरोबर जमत नाही. त्याच्याकडून फार मोठी अपेक्षाही ठेवू नये, कारण एका टेबलाचा डेटा एकच कामगार-प्रक्रिया भरते. डेटाबेसचा बहुतेक भार एकाच टेबलावर असेल, तर बाकीच्या प्रक्रिया त्या वेळात रिकाम्या बसतात. खरा फायदा नंतर, इंडेक्स बांधताना मिळतो. तिथे ‘मेंटेनन्स_वर्क_मेम’ वाढवणे उपयोगाचे ठरते (मूळ मूल्य ६४ एमबी), पण ही मर्यादा प्रत्येक इंडेक्स-बांधणीला स्वतंत्र लागू होते, तेव्हा तिला जॉब्जच्या संख्येने गुणूनच मेमरीचा अंदाज बांधावा. काम संपल्यावर ‘व्हॅक्यूमडीबी --ॲनालाइझ-इन-स्टेजेस’ चालवून क्वेरी-नियोजनाची आकडेवारी तयार करावी.

आता स्टोरेजची बाजू. डेटा डिरेक्टरी आणि वॉल (प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद) वेगवेगळ्या डेटासेटवर (झेडएफएसच्या स्वतंत्र विभागांवर) असतील, तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा असायला हवा; ‘झेडएफएस स्नॅपशॉट -आर’ तो वरच्या डेटासेटपासून खालपर्यंत अखंडपणे घेतो. परत आणताना ‘रोलबॅक’ (मूळ डेटासेटच मागे नेणे) आणि ‘क्लोन’ (स्नॅपशॉटवरून वेगळी प्रत उभी करणे) असे दोन मार्ग आहेत, आणि सरावासाठी मी क्लोनच निवडतो. जुन्या स्नॅपशॉटवर रोलबॅक करायचे तर त्यालाही ‘-आर’ द्यावा लागतो, आणि तिथला ‘-आर’ मधले सगळे नवे स्नॅपशॉट नष्ट करतो. अक्षर तेच, पण एकीकडे तारणारे आणि दुसरीकडे मारणारे.

क्लोन सुरू करताना एक गोष्ट हमखास आडवी येते. चालू सर्व्हरचा स्नॅपशॉट असल्यामुळे त्यात ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही फाइलही येते आणि तिच्यातला प्रक्रिया-क्रमांक त्याच यंत्रावर खरोखर जिवंत असतो. त्यामुळे पोस्टग्रेस दुसरा सर्व्हर चालू असल्याचे सांगून उठायला नकार देते. आपण क्लोनच्याच मार्गावर आहोत याची खातरजमा करून मगच ती फाइल काढावी, पोर्ट बदलावा आणि ‘आर्काइव्ह_मोड’ बंद करावा, नाहीतर क्लोन आपल्या वॉल फाइली मूळ सर्व्हरच्याच संग्रहात पाठवू लागेल. त्यानंतर वीज गेल्यावर होते तशीच क्रॅश-रिकव्हरी होऊन डेटाबेस उभा राहतो.

विशिष्ट क्षणापर्यंत मागे जाण्याचे काम ‘पीजी_बेसबॅकअप’ (संपूर्ण क्लस्टरची प्रत घेणारे साधन) आणि साठवलेल्या वॉल फाइलींवर सुरू केले आहे. आवृत्ती १२ (२०१९) पासून वेगळी ‘रिकव्हरी.कॉन्फ’ उरलेली नाही, रिकामी ‘रिकव्हरी.सिग्नल’ फाइल ठेवून बाकीचे पर्याय मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये द्यायचे. ‘रिकव्हरी_टार्गेट_टाइम’ गाठल्यावर सर्व्हर मुळात थांबून राहतो, आणि हे मला आवडते : डेटा वाचून पाहता येतो आणि खात्री पटल्यावरच पुढे प्रमोट (नेहमीच्या वापरासाठी खुला) करता येते. उपलब्ध वॉल त्या वेळेपर्यंत पोचत नसेल, तर आवृत्ती १३ पासून रिकव्हरी सरळ त्रुटी देऊन संपते. यापुढे आवृत्ती १७ मधले वाढीव बॅकअप (फक्त बदललेला भाग घेणारे) ‘पीजी_कंबाइनबॅकअप’ने जोडून पाहायचे आहेत; त्यासाठी मूळ सर्व्हरवर वॉलमधल्या बदलांचा सारांश ठेवणारा ‘समराइझ_वॉल’ सुरू करून ठेवला आहे.