जुन्या कॉम्प्युटरची साफसफाई

भाचीच्या अकरावीसाठी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. आज दिवसभर एकच प्रश्न: आतलं काय ठेवायचं, काय काढायचं?

काही निर्णय सोपे होते. वेबसाइटवरची अॅनिमेशन आणि व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट अडोबीनेच ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला, तो लगेच काढला. मुदत संपलेला अँटीव्हायरसही काढला, कारण दुसरा अँटीव्हायरस असला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, सहसा स्वतःहून बाजूला होतो. दुसरीकडून कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्क तर सगळ्यात आधी. अनोळखी माणसाकडून आलेल्या मशीनमध्ये बाहेरून आत येण्याची सोय कशाला ठेवायची? व्हिज्युअल सी++ च्या चार-पाच नोंदी मात्र तशाच ठेवल्या. त्या फालतू वाटतात, पण दुसरे प्रोग्राम त्यांच्यावर चालतात.

खरं तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं सर्वात सुरक्षित, आणि शेवटी तेच करायचं ठरवलं. पण त्याआधी फॉन्टचं फोल्डर उघडलं, तर आत शिवाजी फॉन्ट! युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला की मजकूर राहतो, पण दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. दादांनी टाईप करून ठेवलेल्या आमच्या घराण्याच्या आठवणी अशाच फॉन्टमध्ये आहेत. म्हणून तो आधी पेनड्राइव्हवर घेतला. तुमच्याकडेही अशा जुन्या फाइली असतील तर फॉन्ट जपा, आणि मजकूर लवकरात लवकर युनिकोडमध्ये करून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं मात्र नीट तपासा.