तुम्ही विचारलंत म्हणून: पीडीएफ आहे की, मग परत अक्षरं कशाला तपासता?

मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात फुकट ठेवणाऱ्या ऑनलाइन ग्रंथालयात, मी पुस्तकं तपासतो हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, मग ते लग्नातलं जेवण असो नाहीतर ऑफिसमधला चहा, "अहो पण त्या पुस्तकाची पीडीएफ आहे की नेटवर, मग तुम्ही परत ओळ न् ओळ कशाला बघत बसता?" आणि त्याला जोडूनच, "पैसे मिळतात का?" नाही मिळत, तो विषय संपला. पहिल्या प्रश्नाला मात्र दर वेळी घाईघाईत काहीतरी उत्तर देऊन मी पुढे सटकतो, म्हणून आज एकदाच काय ते नीट लिहून टाकतो.

ज्याला आपण पीडीएफ म्हणतो ते जुन्या पुस्तकांच्या बाबतीत बहुतेक वेळा नुसते पानांचे फोटो असतात. फोनवर उघडायचं, दोन बोटांनी पान मोठं करायचं, ओळ वाचत उजवीकडे जायचं, परत डावीकडे यायचं, तोवर कुठली ओळ होती तेच विसरायचं. आतला एखादा शब्द शोधायचा तर पूर्ण पुस्तक चाळा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, जे फोनकडून वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर तो फोटो मुका. आणि मुळात ती पीडीएफ सापडायला हवी ना! डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या पुस्तकं स्कॅन करायच्या प्रकल्पाच्या काळात मराठीतली कितीतरी पुस्तकं स्कॅन झाली, मोठं काम झालं ते, साइट पुढे बंद पडली तरी स्कॅन इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर आहेत. पण पुस्तकांची नावं तिथे रोमन लिपीत, तीही कोणी कशी टाकलीत देव जाणे, त्यामुळे देवनागरीत नाव टाकून शोधलं तर हाताला काही लागत नाही. पुस्तक आहे पण सापडत नाही, मग ते असून उपयोग काय.

याच्या उलट केतकरांचा ज्ञानकोश बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आलेला माणूस, मराठीत ज्ञानकोश हवा म्हणून लिमिटेड कंपनी काढतो, लोकांच्या गळ्यात शेअर्स मारतो आणि 23 खंड काढून दाखवतो. (त्यातले पहिले पाच नुसते प्रस्तावनाखंड, हे मराठी माणूसच करू जाणे.) तो आज नेटवर मजकूर म्हणून आहे, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं ते काम केलंय. आपल्या तालुक्याचं नाव टाका, शंभरेक वर्षांपूर्वी त्याबद्दल काय लिहिलं होतं ते समोर येतं. माहिती जुनी आहे, काही मतं आज वाचताना खटकतात, पण निदान खटकण्यासाठी ती समोर तरी येतात!

आता "मशीन वाचतं की आपोआप" म्हणणाऱ्यांसाठी. हो, वाचतं, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर, आता खूप सुधारलंय, आम्हीही आधी तेच चालवतो. पण शंभर वर्षांपूर्वीची, धातूची अक्षरं म्हणजे खिळे जुळवून केलेली छपाई, त्यात कागद पिवळा पडलेला, कसर लागलेली, मग 'घ'चा 'ध' होतो, 'म'चा 'भ', 'ख'चं 'रव', आणि 'ऱ्या'च्या जागी तर काय वाट्टेल ते येतं. म्हणून स्क्रीनवर एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर, असं ठेवून माणसाला बघावंच लागतं. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगू? अनुस्वारात. 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी आपण 'घरीं', 'तें पुस्तक', 'करणें' असं लिहायचो, उच्चारात नसलेले अनुस्वार व्याकरणासाठी द्यायचो. विकिस्रोताचा नियम असा की जसं छापलंय तसंच ठेवायचं. त्यामुळे अक्षरावर ठिपका दिसला की तो अनुस्वार, शाईचा डाग की कसरीनं पाडलेलं भोक, हे ठरवायला जुनं व्याकरण माहीत लागतं. सप्तमी आहे का, नपुंसकलिंग आहे का, बघा आणि मग ठिपका ठेवा नाहीतर काढा. हे काम माझ्यापेक्षा माझी आत्या फास्ट करते, शाळेत जुनं शुद्धलेखन शिकलेली आहे ती, फोटो मोठा करून दिला की "अनुस्वारच आहे रे, पुढे जा" म्हणून मोकळी.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "मग पुलंचं टाका ना!" टाकलं असतं हो. पण आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, ज्या वर्षी माणूस गेला त्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायचं. पूर्वी हे 50 वर्षं होतं, टागोरांचा हक्क 1991 च्या शेवटी संपत आला तेव्हा सरकारनं सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढवली. तर साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं. मर्ढेकर 2017 पासून मोकळे. अत्र्यांसाठी 2030 पर्यंत थांबायचं आणि पुलंसाठी 2061 पर्यंत, तेव्हा आपण कुठे असू! आणि हो, जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला कोणा प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहिली असेल तर ती त्यांची, ती उचलायची नाही. आज हयात असलेला लेखक स्वतःहून मोकळा परवाना देऊ शकतो, ज्यांची पुस्तकं दुकानात मिळेनाशी झालीत त्यांनी तरी यावर विचार करावा असं मला वाटतं, कारण प्रकाशक छापत नाही आणि झेरॉक्सवाला थांबत नाही.

खरी गंमत अलीकडच्या मजकुराची आहे. गावाकडच्या एका संस्थेनं नव्वदच्या दशकातली स्मरणिका दिली, फाइलसकट, मी म्हटलं चला, टाइपिंग वाचलं. उघडली तर सगळी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, डॉलर, पाउंड, स्वल्पविराम. त्या काळचे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचे, फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे, तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांत, देवनागरी 1991 पासून आहे, तरी आपले छापखाने नंतर कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर बसून राहिले. काही फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं त्यातही तुटतात. म्हणजे खिळे जुळवून छापलेलं पुस्तक आज वाचता येतं आणि कॉम्प्युटरवर केलेली स्मरणिका येत नाही, आता याला काय म्हणायचं.

आणि तो हल्लीचा एआय. लोक तक्रार करतात की ते मराठी लिहितं पण हिंदीच्या वळणानं. लिहिणारच, त्यानं शिकायचं कशावरून? आपली दीडशे वर्षांची गद्याची पुंजी फोटोंमध्ये अडकलेली, आठ कोटींवर माणसं ही भाषा बोलतात आणि मराठी विकिपीडियावर लेख लाखाच्या आसपास, त्यातलेही बरेच दोन ओळींचे.

आता ज्यांना खरंच हात लावायचाय त्यांच्यासाठी. पुस्तक पूर्ण करायचं टेन्शन घेऊ नका, एक पान घ्या. विकिस्रोतावर पानाची खूण लाल असते तेव्हा ते तपासलेलं नसतं, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं बघितलं की हिरवं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतः हिरवं करता येत नाही, तिथेच आमचं घोडं अडतं. पिवळ्या पानांचा ढीग पडलाय आणि दुसरी नजर मिळत नाही. एका पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तळटीप असेल तर जास्त. लॅपटॉप घेऊन बसा, फोनवर फोटो आणि मजकूर शेजारी शेजारी दिसत नाहीत. आणि घरात जुन्या शाळेतलं कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, अनुस्वार ते बघतील.