दोन गोट्या आणि एकच 'टक'

'जड वस्तू आधी पडते का?' यावर फिल्म करायची तर पहिली 10 सेकंदं चुकीच्या उत्तराला द्या. पात्राला ठामपणे म्हणू द्या, 'जड आधी पडणार, उघड आहे.' मग 3-4 सेकंद शांतता, म्हणजे बघणाराही मनात पैज लावतो. विज्ञानाचे व्हिडिओ करणाऱ्या डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीत (2008) हेच तपासलं होतं: नुसतं सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण लोकांना आवडतं, पण त्यातून ते फारसं शिकत नाहीत. गैरसमज आधी बोलून दाखवला की डोकं जास्त चालवावं लागतं आणि शिकणंही जास्त होतं.

आता प्रयोग. पिंगपाँगचा चेंडू घेऊ नका. 1 मीटरच्या पडण्यात हवेच्या रोधामुळे तो पोलादी गोळीच्या जवळजवळ 5 सेंमी मागे राहतो, आणि तुमची फिल्म नेमका गैरसमजच सिद्ध करते! 25 मिमी व्यासाची एक पोलादी गोटी आणि तेवढीच काचेची घ्या. वजनात तिपटीचा फरक, मागे राहणं मात्र 2 मिमीच्या आसपास.

हाताने सोडलं की एक बोट हमखास उशिरा सुटतं. त्यापेक्षा 30 सेंमी लांबीची फळी एका टोकाला बिजागरीने बसवा, दुसऱ्या टोकाखाली खुंटी द्या. दोन्ही गोट्या बिजागरीपासून 25 सेंमीवर, शेजारी शेजारी, उथळ खळग्यांत ठेवा. खुंटी झटक्यात ओढली की फळी गोट्यांखालून निसटते, कारण सरळ आडव्या फळीचा बिजागरीपासून दोन-तृतीयांशापलीकडचा भाग सुरुवातीला गुरुत्वत्वरणापेक्षाही जास्त त्वरणाने खाली जातो. (या गमतीवर वेगळी फिल्म होईल, इथे त्यात शिरू नका.) बिजागरी घट्ट असेल तर सगळं फसतं, म्हणून तेल घाला.

1 मीटर पडायला 0.45 सेकंद लागतात. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रणात त्याच्या जेमतेम 11 फ्रेम मिळतात, सेकंदाला 240 मध्ये 108. शटर (एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ) 1/1000 सेकंद ठेवा. तळाशी वेग 4.4 मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे गोटी 4-5 मिमीच फरफटलेली दिसते. 1/240 ला तीच 18 मिमी. 1/1000 ला उजेड मात्र चौपट लागतो. 50 हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि 240 फ्रेममध्ये ते डोळ्यांत खुपतं. ऊन सर्वांत उत्तम.

मोजपट्टी गोट्यांच्याच प्रतलात लावा. कॅमेरा 1 मीटरवर आणि पट्टी गोट्यांच्या 20 सेंमी मागे असेल तर अंतरं 20 टक्के जास्त वाचली जातात. मागे सरकून झूम केलं की चूक घटते, पण प्रतल एकच ठेवण्याला तोड नाही.

संकलनात आधी खऱ्या वेगातला शॉट, मूळ आवाजासकट. खाली लाकडी पाट ठेवला असेल तर एकच 'टक' ऐकू येतो, म्हणजे दोन्ही गोट्या एकदमच पडल्या, आणि कान इथे डोळ्यापेक्षा चोख साक्षीदार आहे. त्यावर संगीत चढवलंत तर पुरावाच पुसलात. मंद शॉट त्यानंतर, कोपऱ्यात खऱ्या वेळेचं घड्याळ ठेवून. 240 फ्रेमचं चित्रण 30 ने चालवलं की 0.45 सेकंदांचे 3.6 होतात, आणि घड्याळ नसेल तर गोट्या तरंगत खाली येतात असं वाटतं.