पैसे करता तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही एकटे नाही. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा शेजारच्या पाटावरून हळूच आलं होतं, "दोघंही नोकरीला, पोरगी एक. दारात अजून ती जुनी स्कूटरच. पैसे करता तरी काय?"

बऱ्याच जणांना वाटतं, २०१९ च्या पुरानं आम्हाला वैराग्य आलं. वैराग्य कसलं! कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं घर पंचगंगेच्या अंगाला. नदीची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात पाणी ५५ च्याही वर गेलं. टीव्ही माळ्यावर, गाद्या कपाटावर असं करत बसलो आणि शेवटी कपाटासकट सगळं भिजलं. परत आलो तर प्लायवूडचं कपाट फुगून बसलेलं, दार उघडेना. आईची लोखंडी ट्रंक तेवढी घासूनपुसून पुन्हा वापरात आली. नवं कपाट आज घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं आणि कशाचं अडलं नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा अर्ध्या तासात आम्ही कुलूप लावून बाहेर. याला आळसाचा फायदा म्हणा हवं तर.

तर पैसे. थोडे रस्सा मंडळात जातात. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: मित्रांनी वर्गणी काढायची, कुणाच्या तरी मळ्यात जायचं, चूल मांडायची आणि स्वतः रांधून खायचं. आमचं मंडळ नऊ जणांचं. एक प्लंबर, एक बँकेतला, दोघं शाळेपासूनचे, बाकीचे असेच चिकटलेले. मालमत्ता म्हणाल तर एक मोठं पातेलं, तेही नऊ जणांत. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की वरचं पाणी म्हणजे अळणी. ती आधी वाटीवाटीनं उभ्याउभ्याच प्यायची. उरलेल्यातली काही नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून पांढऱ्या रश्श्याला, बाकी चटणी घालून तांबड्या रश्श्याला. चटणी कुणाच्या घरची, यावर दोघं सहा महिने बोलत नव्हते. पण वर्गणी दोघांचीही वेळेवर यायची!

पूर्वी हे पुरुषांचंच असायचं. एकदा ही म्हणाली, "मी पण येतो की, घरात बसून काय करू?" (आमच्याकडं बायका अशाच बोलतात, हसू नका.) तेव्हापासून सगळ्यांची कुटुंबं येतात. त्या दिवसापासून मीठ बरोबर पडतं.

दरवर्षी जुलैत आम्ही तिघं पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जातो. १६६० साली बाजीप्रभू आणि मावळे ज्या वाटेनं एका रात्रीत गेले, तिला आम्हाला दोन दिवस लागतात. मसाई पठारावर पाऊस आडवा येतो, छत्री उघडायची सोय नाही. गेल्या वेळी चिखलात पोरीचा एक बूट गेला. उरलेली वाट एका पायात माझी चप्पल घालून चालली आणि वर मलाच बोलली. कुठं फिरायला नेलं नाही म्हणून घरी ती एवढं कधी बोलत नाही.

आता जे कुणी विचारत नाही, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी आईला रात्री दोनला दम लागला. स्कूटरवर बसवून नेण्यासारखी तिची अवस्था नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकांनी बनियनवरच चारचाकी काढली. गाडीत बसल्यावर मनात आलं, आपला हा साधेपणा काकांच्या कर्जाच्या हप्त्यांवर उभा आहे. तो विचार अजून गेलेला नाही. डिझेलचे पैसे ते घेत नाहीत. म्हणून दर मंडळाला त्यांचा डबा वेगळा काढतो. हिशेब बरोबर बसत नाही, मला माहीत आहे. गाडी घेऊ का, असं आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "ठेवणार कुठं? पाण्यात?"

बाकी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध देतात, त्याचा खर्च धरतच नाही.

पातेलं सध्या आमच्याकडं आहे, म्हणजे घासायची पाळी माझी. रविवारी या. वर्गणी तिथंच घेतो, वाटी मात्र आपापली आणायची.