'पाणी आलं', नोंद ९ : पत्ता, पॅड आणि पिंप

मागच्या नोंदीला अडीच महिने झाले. खेळात नवीन म्हणाल तर एकच पातळी वाढली. बाकीचा वेळ अर्ज भरण्यात आणि चालू खेळात पॅड (खेळायचा कंट्रोलर) उपटून बघण्यात गेला.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी : 'पाणी आलं' हा आम्ही बनवत असलेला कोड्यांचा व्हिडिओ गेम आहे. चाळीत पहाटे साडेचारला पाणी येतं, पाऊण तासात जातं, तेवढ्यात पिंप, हंडे, कळशा, बादल्या भरून घ्यायच्या. मजल्याला नळ एकच. कोड माझा, चित्रं ठाण्याच्या मैत्रिणीची. दोघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे काम होतं ते रात्री दहानंतर, आमच्या गिरगावातल्या खोलीच्या पोटमाळ्यावर.

स्टीमवर (कॉम्प्युटरच्या खेळांचं ऑनलाइन दुकान) यायला फार कुणाची परवानगी लागली नाही. खेळामागे १०० डॉलर भरले, कागद दिले, दुकान उघडलं. आता खेळ कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशीनवर, आणायचाय. तिथे आधी तुम्हाला घ्यायचं का ते ठरतं, मग तुमचा खेळ घ्यायचा का, आणि शेवटी तपासणी. तिन्ही मोठ्या कंपन्यांकडे (निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट) अर्ज करायला पैसे पडत नाहीत. पण अर्जातला पहिला प्रश्न खेळाबद्दल नसतोच. तुम्ही कोण, हा असतो. जीमेलचा पत्ता देऊन पाठवलेला माझा पहिला अर्ज कुठे गेला देव जाणे. मग उद्यम नोंदणी केली (आधार-पॅनवर होते, फुकट आहे), स्वतःचं डोमेन घेतलं, त्यावर ईमेल काढला, एक पानाची वेबसाइट टाकली. त्याआधी नोकरीच्या करारातलं 'अन्य व्यवसाय' हे कलम वाचून लेखी परवानगी घेतली. हे कलम तुम्हीही वाचा, आजच वाचा.

कंपनीच्या पत्त्यात 'खोली नं. २७, दुसरा मजला' लिहिताना मात्र हात अडखळला. 'वी' या जुन्या कन्सोलच्या काळात निन्टेन्डोला घरातलं ऑफिस चालत नव्हतं, ऑफिस वेगळं आणि कुलूपबंद हवं असायचं. ती अट नंतर निघाली म्हणून बरं, नाहीतर आमच्या पोटमाळ्याला कुलूप लावायचं तर आधी दार बसवावं लागलं असतं.

आणि परवान्यासाठी रांगेत कोण, तर मी! लहानपणी घरी होता तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलची नक्कल केलेला डबा, त्यात '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. प्रत्यक्षात दहा-बारा खेळ, तेच पुन्हापुन्हा. नकली कॅसेट चालते कशी, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता, आता उत्तर कळलं : जपानच्या मूळ फॅमिकॉममध्ये कॅसेट ओळखणारी चिपच नव्हती. अमेरिकेत १९८५ साली त्याचंच एनईएस हे रूप आणताना निन्टेन्डोने १०एनईएस नावाची चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर मशीन पुन्हापुन्हा रिसेट होत राहायचं. शिवाय एका प्रकाशकाने वर्षाला पाचच खेळ काढायचे, असाही नियम. १९८३ च्या मंदीत भिकार खेळांनी बाजार बुडाला होता, त्यावरचा हा उपाय. आमच्या डब्यात ते कुलूप नव्हतं, म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं काहीही चालायचं.

आता अर्जांची स्थिती. तीन अर्ज : एक होकार, एक 'सध्या नाही', एक गप्प. कुठलं कुणाचं ते विचारू नका. होकाराबरोबर गुप्ततेचा करार आला आणि मी सही केली. मित्र किटबद्दल (कंपनीकडून मिळणारं चाचणीचं मशीन) विचारतात तेव्हा मी पाणीकपातीवर बोलायला लागतो.

होकार आला म्हणजे खेळ लगेच कन्सोलवर चालतो असं नाही. आम्ही गोडोवर (खेळ बनवायचं एक इंजिन) आहोत. गोडोचा कोड सगळ्यांना खुला, कन्सोलचे एसडीके (कंपनीची खेळ बनवायची अवजारं) कराराखाली बंद, त्यामुळे कन्सोलचा एक्सपोर्ट, म्हणजे खेळ कन्सोलवर चालेल असा करून देणारा भाग, मूळ इंजिनात येऊच शकत नाही. तो स्वतः लिहावा लागतो, नाहीतर बाहेरच्या पोर्टिंग कंपनीकडून घ्यावा लागतो, बहुतेकदा पैसे मोजून. कुणी म्हणेल युनिटी हे दुसरं इंजिन घ्यायचं होतं. मला पटत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये गोडो ४ आलं, तेव्हा पहिल्यांदा आमचं देवनागरी नीट जुळलं. गोडो ३ मध्ये 'पिंप' मधली वेलांटी प च्या उजवीकडे जाऊन बसायची. चाळीवरच्या खेळात 'पिंप'च चुकलं तर काय राहिलं?

आता पॅड. एक्सबॉक्सच्या अटींची यादी सगळ्यांना वाचायला खुली आहे, म्हणून सराव तिच्यावर केला. खेळताना पॅडचा संपर्क तुटला तर खेळाने ते ओळखलं पाहिजे. सोपं वाटलं. पॅड तुटल्याचा सिग्नल पकडला, पॉझची पाटी आणली, झालं. मैत्रिणीने पाटी समोर ठेवून चहा केला, परत आली तर पिंप ओसंडून पाणी जिन्यापर्यंत आणि पातळी हरलेली. नळाच्या टायमरचा प्रोसेस मोड मी कधीतरी 'ऑलवेज' (पॉझमध्येही चालू) करून ठेवला होता. मेनूच्या मागे नळ वाहता दिसावा म्हणून. पॉझ झाला खेळ, नळ नाही. खरं तर चाळीला साजेसंच, पण तपासणीत हे सांगता येणार नाही. आता मेनूचा नळ वेगळा, खेळाचा वेगळा.

त्यातून दुसरी चूक सापडली. पॅड परत जोडला की त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि माझा कोड शून्य क्रमांकालाच घट्ट धरून. हंडा उचललेली बाई तशीच उभी. दोन रात्री गेल्या. सध्या जो पॅड बटण दाबेल तो खेळाडू, असं केलंय.

शेजारच्या काकूंना टीव्हीवर खेळायला दिलं. अक्षरं त्यांना वाचता येईनात (आकार दीडपट केला, आता रेघेवरच्या मात्रा कापल्या जातात). त्यांची खरी तक्रार वेगळीच : "आधी पिंप कोण भरतं रे? प्यायचं पाणी आधी." तिसऱ्या पातळीचा क्रम बदलतोय.

करांचं थोडक्यात : अमेरिकेच्या कराच्या फॉर्मवर पॅन आणि भारत-अमेरिका करविषयक करार नीट लिहिलात तर रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात.

पुढचं काम खेळ सेव्ह करण्याचं. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल फाटते. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलायचं, असा बेत आहे. आणि एक विनंती : वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने पॅड हवेत, चार्ज न टिकणारे उत्तम. कुणाकडे पडून असतील तर कळवा, चर्चगेट ते विरार कुठेही येऊन घेऊन जाईन.